आज सावली कुठं होती?

गोष्टी सांगणं हे माझं काम नव्हे. मी चौथी शिकलेला माणूस. पण शाळेच्या बाई दोनदा घरी येऊन गेल्या, दोन्ही वेळा चहा पिऊन गेल्या, आणि म्हणाल्या, "बाबा, दहावीची पोरं गोंधळलीत. पुढं काय करायचं ते त्यांना कळत नाही. तुम्ही काहीतरी सांगा." मी म्हटलं, ज्याला स्वतःला काही होता आलं नाही, त्याला कशाला विचारता? पण बाई ऐकतात कुठं! तेव्हा सांगतो. एकदाच सांगणार. मधे कुणी खोकायचं नाही.

तर फार जुन्या काळी, त्या वेळच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही इतक्या जुन्या काळी, नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावात देऊळ होतं, देवळापुढं उंच दगडी दीपमाळ होती. दिवसभर त्या दीपमाळेची सावली गावभर फिरायची. दुपारी पायथ्याशी गोळा व्हायची, मग विहिरीच्या काठाला टेकायची, मग चावडीच्या पायऱ्या चढायची, आणि दिवस बुडताना वेशीपर्यंत लांब व्हायची. गावाला दुसरं घड्याळ नव्हतं. लागतही नव्हतं.

त्या गावात बापाचाच धंदा पोरानं करायचा, असा नेम नव्हता. पोर सोळा वर्षांचं झालं की त्याचं सावलीचं साल सुरू व्हायचं. बारा महिन्यांत बारा घरी राबायचं. आणि काम कुठलं मिळायचं? तर त्या घरातलं सगळ्यात हलकं. कुंभाराकडं गेलं तर मडकं घडवायला मिळत नसे, चिखल तुडवायला मिळे. लोहाराकडं भाता ओढायचा. तेल्याकडं घाण्याच्या बैलामागं फिरायचं. गोडधोड झालेलं बघून कुणालाही वाटतं आपण आचारी व्हावं. भांडी घासताना जो टिकतो तो आचारी.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सांजेला, देवळातला नगारा वाजायचा. पोर हातपाय धुऊन पारावर यायचं. पारावर एक जाणता माणूस बसलेला असे. तो एकच प्रश्न विचारायचा, "आज सावली कुठं होती?"

जे पोर कंटाळलेलं असायचं ते घडाघडा सांगायचं. अमक्या वेळी विहिरीवर, तमक्या वेळी चावडीवर. पण एखादं पोर नुसतं बघत राही आणि म्हणे, "ठाऊक नाही." झालं. त्या घरचं काम त्याचं. उत्तर जाणत्याच्या कानात सांगायचं असे, म्हणजे कुठल्या घराला चारचौघांत वाईट वाटू नये. मग जाणता उभा राहून गावाला सांगे. त्यानं सांगितलं की सात वर्षं दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही.

साधी माणसं, साधी रीत. आता फॉर्म भरतात.

त्या काळी पारावर जो जाणता होता, तो घोंगड्या विणणारा म्हातारा होता. चाळीस वर्षं तो तिथं बसत होता. शेकडो पोरांचे श्वास त्याच्या कानाला लागले होते. त्याचं स्वतःचं सावलीचं साल त्याला कालच्यासारखं आठवे. एका म्हाताऱ्या विणकरणीच्या ओसरीवर तो लोकरीतलं गोखरू आणि कुसळं वेचत बसला होता. बोटं टोचून टोचून लाल झाली होती. चुलीवर लोकरीला लावायची चिंचोक्याची खळ रटरटत होती. अचानक त्या बाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "अरे गाढवा, नगारा वाजून गेला की!" त्यानं मान वर केली तर अंधारून आलेलं. तो धपाटा त्याला जन्मभर पुरला. अजून खळीचा वास आला की त्याची पाठ गरम व्हायची.

या म्हाताऱ्याला एक नात होती. लेक आणि सून तापाच्या साथीत गेली तेव्हा ती दीड वर्षाची होती. म्हाताऱ्यानं तिला घोंगडीच्या झोळीत घालून, एका पायानं झोका देत, मागावर बसून वाढवली होती. माग चालवणारं पुढं कुणी नव्हतं. म्हातारा बोलत नसे, पण त्यानं मनात धरलं होतं: माझ्यामागं ही.

पोर सोळाची झाली. तिचं सावलीचं साल सुरू झालं. कुंभाराकडून आली आणि आजोबाच्या कानात म्हणाली, "आबा, सगळं सांगू का? विहीर, मग चावडीची पहिली पायरी, मग दुसरी, मग एक कावळा बसला होता तो..."

"पुरे, पुरे," म्हातारा हसला. लोहाराकडं तसंच झालं, तेल्याकडंही. दहा महिने गेले. म्हातारा मनातून सुखावत चालला होता.

अकराव्या महिन्यात ती सुताराकडं गेली. सुतारानं तिला वाकडे खिळे सरळ करायला बसवलं आणि लाकूड कोरायच्या पटाशीला धार लावायला. शेवटच्या सांजेला नगारा वाजला. गाव पारावर जमलं. पोर आलीच नाही.

पुन्हा नगारा वाजला. तरी नाही. शेवटी सुतारच धावत आला, दमलेला. "आबा, ती उठत नाही हो! दोन हाका मारल्या. म्हणते, एवढी एक पटाशी झाली की येते. हातावरचे केस कापून धार बघतेय. आता याच्याहून मोठं उत्तर काय पाहिजे?"

गाव हसलं. म्हातारा हसला नाही. त्याला रिकामा माग दिसला.

"उत्तर कानात सांगायचं असतं," तो म्हणाला. "आली नाही, तर उत्तर नाही. नियम म्हणजे नियम."

"अहो, आली नाही म्हणजेच विसरली ना!"

"सुतारा, पारावर कोण बसलंय? तू का मी?"

सुतार मागं सरला. चाळीस वर्षांत जाणत्याशी कुणी वाद घातला नव्हता.

बारावा महिना म्हाताऱ्याच्या घरचा होता. त्या सालात स्वतःच्या घरीही परक्यासारखं राबायचं असे. पोरीनं महिनाभर कुसळं वेचली, चिंचोके वाटले, खळ ढवळली. कुरकूर केली नाही. शेवटच्या सांजेला पारावर आली, म्हाताऱ्याच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "दुपार कलल्यावर विहिरीवर होती, आबा. मग चावडीची दुसरी पायरी. आत्ता वेशीला पोचली असेल."

म्हातारा उभा राहिला. चाळीस वर्षं खरं बोललेलं तोंड त्यानं उघडलं.

"ठाऊक नाही, म्हणते!"

गावानं आनंदानं गलका केला. पोरीनं आजोबाकडं बघितलं. नुसतं बघितलं. तिला ती झोळी आठवत नव्हती, पण तिच्याबद्दल ऐकलेलं होतं.

ती मागावर बसली. हाताला वळण होतं, घोंगड्या बऱ्या निघायच्या. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. आणि गावात एक गंमत सुरू झाली. कुणाला वेळ विचारायची झाली तर दीपमाळेकडं जाण्याऐवजी लोक या पोरीच्या खिडकीशी येऊ लागले.

"अगं बाय, गुरं यायला किती अवकाश?"

धागा ओढणारा धोटा न थांबवता, मान वर न करता ती सांगे, "सावली पहिल्या पायरीवर आहे. अजून चार घटका."

लोक जाऊन बघत. सावली बरोबर पहिल्या पायरीवर. देवळातले भटजीसुद्धा मुहूर्त साधायला येऊ लागले. "आबा, नात म्हणजे रत्न हो!" ते म्हणत. "इतकी अचूक वेळ आमच्या पंचांगालाही सांगता येत नाही."

म्हाताऱ्याची छाती फुगे. मूर्ख. चाळीस वर्षं तोच एक प्रश्न विचारत होता आणि उत्तर रोज खिडकीतून ऐकू येत होतं, तरी त्याला ते ऐकू येत नव्हतं. माणसाला नको असलेलं ऐकू येत नाही. यात वयाचा संबंध नाही.

तिसऱ्या वर्षी आषाढात आभाळ गच्च भरलं. आठ दिवस सूर्य नाही, सावली नाही. तरी भटजी आले आणि सवयीनं विचारून बसले, "किती अवकाश गं सांजेला?"

"सावली असती तर चावडीच्या दुसऱ्या पायरीवर असती," पोर म्हणाली. "तीन घटका आहेत."

भटजी गेले. म्हातारा लोकर पिंजत होता. त्यानं हात थांबवला.

"पोरी, सावली नाही, ऊन नाही. तुला कळतं कसं?"

"मोजते, आबा."

"काय मोजतेस?"

"धोटा एकदा गेला की एक. परत आला की दोन. नऊ हजारांच्या पुढं गेलं की संध्याकाळ होते." ती साधेपणानं बोलली. त्यात राग नव्हता. "रोज मोजते. त्याशिवाय दिवस सरत नाही."

म्हाताऱ्याच्या हातातली लोकर खाली पडली. रोज नऊ हजार. त्यानं एका शब्दात तिच्यावर एवढं ओझं टाकलं होतं.

त्या संध्याकाळी महिन्याचा शेवट नव्हता, तरी नगारा वाजला. पावसात डोक्यावर इरली घेऊन गाव पारावर जमलं. म्हातारा उभा राहिला.

"तीन वर्षांपूर्वी मी इथं खोटं बोललो," तो म्हणाला. "हिनं मला सावली सांगितली होती. पायरीसकट सांगितली होती. मी तिचं उत्तर माझ्या तोंडानं बदललं. मला माग चालवायला कुणीतरी हवं होतं."

म्हाताऱ्यानं डोक्यावरचं मुंडासं काढलं, वीस वर्षांच्या नातीच्या पायाशी ठेवलं आणि म्हणाला, "पोरी, चुकलो. मला माफ कर."

ती मुंडासं उचलून झटकू लागली. "भिजलं ना ते, आबा," एवढंच म्हणाली आणि रडली.

गावानं त्याला पारावरून उतरवलं. ते बरोबरच होतं. पोर सुताराकडं गेली. तीन वर्षं काही परत मिळाली नाहीत. सोळा-सोळा वर्षांच्या पोरांच्या पंगतीत बसून तिला पहिल्यापासून वाकडे खिळे सरळ करावे लागले. पुढं तिनं केलेली गाडीची चाकं तीन खोऱ्यांत धावली, पण ते नंतर.

म्हाताऱ्याचा माग थंड झाला. तो दिवसभर उंबऱ्यात बसे. सावली विहिरीवर आली, चावडीवर आली, वेशीला पोचली, आता त्याला सगळं ठाऊक असे. भाकरी झाकून तो वाट बघे. पोर अंधार पडल्यावर यायची, केसांत भुसा, नखांत वंगण.

"आज सावली कुठं होती गं?" तो विचारायचा.

"ठाऊक नाही, आबा."

आणि म्हाताऱ्याची पाठ गरम व्हायची.

संपली गोष्ट. तात्पर्य हे: पोरांनो, ज्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं टोक धरलं तरी संध्याकाळ झालेली कळत नाही, ते काम तुमचं, आणि मोठ्यांनो, पोरांचं उत्तर आपल्या तोंडानं बदलू नका.

त्या म्हाताऱ्यानं भर गावात मुंडासं काढलं, म्हणून तो म्हातारा मला आवडतो. मला कुणी न विचारता चौथीतून उठवून पिठाच्या गिरणीवर बसवलं. पंचावन्न वर्षं मी तिथं संध्याकाळ मोजली. बसवणारा माझा थोरला भाऊ जिवंत आहे, तीन घरं पलीकडं राहतो, कानाला यंत्र लावलंय म्हणजे ऐकूही येतं. माफीचा एक शब्द अजून यायचाय. मी वाट बघतोय, केरबाअण्णा.