सातव्या पट्टीची नळी

“मग कापू का?”

ऑर्गनच्या भल्यामोठ्या कपाटातून माझा नवरा इनास विचारत होता. एका मुठीत नळी, दुसऱ्या हातात पत्र्याची कात्री.

त्याचे गुरू बस्त्यांव मेस्त्री माडीवरच्या बाकावर पेरू खात बसले होते. चर्चमध्ये पेरू... पण बोलणार कोण? आतल्या सहाशे नळ्या त्यांच्याच हातच्या.

मी ऑर्गनची सातवी पट्टी दाबून बसले होते. लग्नाला अकरा दिवस झालेले. माहेरी पेटी वाजवायचे, एवढ्या गुणावर इनासनं मला तीन दिवस इथं बसवलं होतं.

“कशाला कापतोस?” मेस्त्रींनी विचारलं.

“रोज सुरात लावतो, रोज सकाळी उतरलेली. रविवारी बिशप येणार. काठ कापला की चढेल.”

“आणि जास्त चढली तर?”

कापलेली नळी परत वाढत नाही, हे मलासुद्धा ठाऊक होतं.

मेस्त्री उठले. नळीच्या वरच्या टोकाशी सूर लावायची पत्र्याची कडी असते. लाकडी काडीनं त्यांनी ती ढकलली, सोमवारी स्वतः केलेल्या खुणेवर नेली. नळीला बोट लावलं नाही.

“चढली! बघा, खूणच चुकलीय!” इनास म्हणाला. जिंकल्यासारखा. खरंच, ती नळी आणि त्याच पट्टीवर वाजणारी तिची जोडीदार भांडत होत्या. वाँव, वाँव, वाँव.

“खाली ये.”

“पण मेस्त्री...”

“ये म्हटलं ना! पोरी, तू पट्टी सोडू नकोस.”

तो उतरला. मेस्त्रींनी त्याचा पंजा धरून त्याच्याच गालावर टेकवला.

“तापलाय?”

“...हो.”

“कथील आहे ते. मुठीत लगेच तापतं. आतली हवा तापली की सूर चढतो, रात्री गार झाली की उतरतो.”

इनास बाकावर बसला. बसवत नव्हतं त्याला, गुडघा हलत होता.

वाँव... वाँव...

माझं बोट दुखायला लागलं. मेस्त्रींनी पेरू संपवला.

वाँव......

आणि भांडण थांबलं. दोन सुरांचा एक झाला. माझ्या पायाखालची फळी थरथरली, खाली वेदीपाशी काचेचा दिवा किणकिणला. इतक्या मोठ्या दगडी भिंतींना कंठ फुटल्यासारखं झालं.

इनासनं कात्री हळूच बाकावर ठेवली. त्याचे डोळे भरलेले होते.

“पण मेस्त्री, मी तर काहीच केलं नाही...”

“तेवढंच राहिलं होतं.”