उघडून न पाहिलेली दारं

त्या राज्याचा किनारा आटत चालला होता.

राज्याभोवती चरबीची दुहेरी भिंत होती. मिठाचा कणसुद्धा तिच्यातून आपल्या मर्जीने आरपार जाऊ शकत नसे. म्हणून भिंतीत दारं बसवलेली असत, ज्या त्या जिनसेसाठी वेगळं. किनाऱ्याच्या बाजूची दारं उघडली की मीठ बाहेर पडे आणि मिठाच्या मागोमाग पाणी जाई. मीठ पुढे झाल्याशिवाय पाणी पाऊल उचलत नसे, असा सगळ्याच राज्यांतला त्यांचा पूर्वापार शिरस्ता. त्या पाण्यावर किनाऱ्याची लव्हाळी डोलत, आणि बाहेरून आलेली धूळ आणि भटके उपरे यांना झाडून लांब लोटत.

पण या राज्याच्या किनाऱ्यावर एकही दार बसलेलं नव्हतं. कधीच बसलं नव्हतं. पाण्याच्या जागी आता घट्ट चीक होता आणि लव्हाळी त्यात आडवी पडली होती.

आत, राज्याच्या मध्याजवळ, दारांचा कारखाना होता. तिथली दारं लाकडाची नसत. मण्यांची लांबच लांब माळ ओवायची, आणि मग तिला घड्या घालत घालत दाराचा आकार आणायचा. मणी कोणत्या क्रमाने ओवायचे ते सांगणारी चिठ्ठी गाभाऱ्यातून येई. चिठ्ठीत असेल तेवढं ओवायचं, जास्त विचारायचं नाही.

मथू तिथे घडीवाली होती. हाताची हुशार, पण जिवाची भारी भित्री. कोपऱ्यातलं जातं गरगरलं की दचकायची, मागून कुणी हाक मारली की दचकायची, आपल्याच हातून मणी निसटला तर त्याच्या टक् आवाजालाही दचकायची. घडी घालून झाली की दार गोदाक्कापुढे ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायची.

गोदाक्का तपासनीस होती. डोळे मिटून ती दारावर एकदा वरून खाली हात फिरवी. कुठे ढिलं लागलं, कुठे बोट खचलं, की दाराच्या कमरेला दोरा बांधी. दोरा बांधलेलं दार जात्यात जाई. तिथे मणी सुटे होत आणि परत ओवणाऱ्यांच्या टोपलीत येत. काहीच वाया जात नसे, त्यामुळे कोणाला हळहळही वाटत नसे. दार उघडून पाहण्याची मात्र सक्त मनाई होती. उघडलेलं दार पुन्हा मिटेलच याची हमी कोण देणार?

मथूच्या प्रत्येक दाराला दोरा पडत होता. प्रत्येकाचं मधल्या वळणाशी बोट खचायचं, नेमकं त्याच जागी. ती रडवेली होऊन घडी उसवायची, पुन्हा घालायची, पुन्हा तेच. शेजारच्या घडीवाल्यांचंही तसंच होत होतं; पण त्या कामाचा वेळ संपला की हात झटकून मोकळ्या होत. मथूला ते जमत नसे.

एके दिवशी किनाऱ्यावरून भिवा पाणक्या आला. पाणी होऊन भिंतीबाहेर जाणं हे त्याचं काम, आणि कामाविना तो भिंतीशी नुसता ताटकळत बसलेला असे. त्याला दारात पाहून मथूच्या हातातली माळ खाली पडली.

"अगं, मी काय वाघ आहे?" भिवा म्हणाला. मग गोदाक्काकडे वळून त्याने हात जोडले. "अक्का, एक दार द्या. एक तरी."

"चांगलं झालं की देईन."

"कधी होणार चांगलं? तिकडे हिरव्या उपऱ्यांनी चिकात घरं बांधलीत. पोरंबाळं झालीत त्यांना. आपले पांढरे शिपाई उड्या घेतात त्यांच्यावर, मरतात, आणि त्यांची प्रेतं विरघळून चीक आणखी घट्ट होतो. परवा एक पूर्ण गल्ली बुजली. वारा आत यायचा बंद झाला."

"मग मी काय करू, भिवा? चाळणी पाठवू का दार म्हणून?" गोदाक्काने टेबलावरचं दार उचलून त्याच्यापुढे नाचवलं. "हे बघ. इथे बोट जातंय आत. असलं दार लावलं आणि उद्या भिंत फुटली, तर माझ्या नावाने बोंब मारायला तूच पहिला येशील."

"भिंत फुटायला राज्य तर राहिलं पाहिजे."

"तोंड सांभाळून बोल."

भिवाने तोंड सांभाळलं. जाताना तो मथूच्या पाटापाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "तुझे हात चांगले आहेत, पोरी. तू तरी बघ काहीतरी." बस्, एवढंच. पण ते वाक्य मथूच्या छातीत रुतून बसलं.

त्यानंतर तिने घातलेली पहिली घडी मांडीवर असतानाच बोलली. घडी पुरी झाली की दारं कुजबुजतात, हे सगळ्या घडीवाल्यांना ठाऊक होतं. ऐकायचं नाही, एवढी शिस्त होती.

"मी उघडतं की," दार म्हणालं.

मथू दचकली. "गप बस."

"खरंच उघडतं. जरा अडतं, पण उघडतं. मला कुणी विचारतच नाही."

मथूने इकडे तिकडे पाहिलं. गोदाक्काचे डोळे मिटलेले होते, तिच्या हाताखाली दुसऱ्याच कुणाचं दार होतं. मथूने पाटाखालच्या धुळीतून मिठाचा एक कण उचलला, दाराच्या एका अंगाला ठेवला आणि झडपांवर अंगठ्याने हलकेच रेटा दिला.

दार करकरलं. अर्धं, अर्ध्याहूनही कमी, पण उघडलं. कण पलीकडे गेला आणि दार मिटलं.

तिने आजवर घातलेल्या घड्या तिच्या डोळ्यांपुढून सरकू लागल्या. एकेक दार, कमरेला दोरा, आणि जात्याची घरघर. ती सगळीच उघडत होती. तीही कुजबुजली असणार, आणि आपण शिस्तीने ऐकलं नव्हतं.

ती उठून गोदाक्कापुढे गेली. "अक्का, हे उघडतं. मी पाहिलं."

"तू *पाहिलंस*?" गोदाक्काने डोळे उघडले. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि मथूला तेच जास्त भयंकर वाटलं. "दारागणिक तीस-तीस वळणं मी या बोटांनी पारखलीत, मथू. उघडतं म्हणून काय झालं? खचतंय ना?"

"खचतं. एका मण्याची जागा रिकामी आहे, अक्का. चिठ्ठीतच एक मणी कमी असेल."

"म्हणजे गाभारा चुकला, असं म्हणायचंय तुला?"

कारखान्यातले सगळे हात थांबले. "नीट घालून आण," गोदाक्का म्हणाली, "नाहीतर दोरा आहेच."

मथू पाटावर परत आली. दार तिच्या मांडीवर गप्प पडून होतं. तिने ते मधल्या वळणाशी चाचपलं. रिकामी जागा छोटीशीच होती, करंगळीच्या पेराएवढी. तिने करंगळी त्यात घातली आणि वळवली. आजूबाजूच्या घड्या तिच्या बोटाभोवती सरकल्या, आवळल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक दार तिच्या हातात ताठ उभं राहिलं.

तिने करंगळी थोडी बाहेर ओढून पाहिली. दार लगेच ढेपाळलं.

म्हणजे बोट काढता येणार नव्हतं. तपासणीतही नाही आणि नंतरही नाही. दार जिथे जाईल तिथे तिला जावं लागणार होतं, भिंतीपर्यंत, त्या चिकापर्यंत. मग तिने करंगळी पुन्हा आत घातली, बाकीचं अंग दारामागे चोरलं आणि ती गोदाक्कापुढे जाऊन उभी राहिली.

गोदाक्काने डोळे मिटले. तिचा हात वरून खाली येऊ लागला. मधल्या वळणाशी थांबला.

"इथे गरम का लागतंय?"

"आत्ताच घडी घातलीय, अक्का."

हात तिथेच होता. मथूच्या करंगळीची नस तटतट उडत होती आणि ती गोदाक्काला लागत असणार, नक्की लागत असणार. मग हात खाली सरकला.

"पाठवा," गोदाक्का म्हणाली. डोळे मात्र तिने दार बाहेर जाईपर्यंत उघडले नाहीत.

दाराला पिशवीत घालून किनाऱ्याकडे रवाना केलं. त्याच पिशवीत मथू होती, दाराला बिलगून. वाटेत प्रत्येक हिसक्याला ती दचकली. शेवटी पिशवी भिंतीला चिकटली, भिंतीत विरली, आणि दार चरबीच्या दोन थरांत रुतून उभं राहिलं. पलीकडून अशी घुसमट आली की मथूने श्वास रोखला.

"आता उघड," ती म्हणाली.

"माझ्याने एकट्याने नाही होत. तू रेट."

तिने खांदा लावला. दार करकरत किंचित सरकलं. एक कण गेला. दुसरा गेला. मागे रांगेत उभ्या असलेल्या भिवाने ते पाहिलं. खाली वाकून, घाईने, जणू कुणी दार पुन्हा लावून घेईल या भीतीने, तो मिठाच्या मागे बाहेर झिरपला.

दारापुढचं एक लव्हाळं हललं. मग दुसरं. टाचेएवढी जागा ओली झाली होती आणि तेवढ्यातली तीन लव्हाळी कण्हत कण्हत उभी राहत होती.

मथूने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. डावीकडे नजर पोचेल तिथवर सपाट चरबी. उजवीकडेही तेच. दुसरं दार नव्हतं. मागून पिशवी येण्याची चाहूल नव्हती. कारखान्यात तिचा पाट रिकामा असणार, आणि जातं चालू.

"भिवा," तिने हाक मारली, "दुसऱ्या घडीवालीला जाऊन सांगा ना, करंगळी घाल म्हणावं."

"बाहेर पडलेलं पाणी परत आत येत नाही गं, पोरी," बाहेरून भिवाचा आवाज आला.

तेवढ्यात त्या ओल्या जागेवरून चिकाचा एक गोळा सुटला. लव्हाळ्यांनी तो ढकलला, आणि सगळं राज्य मुळापासून हादरलं. भिंती आत ओढल्या गेल्या, बाहेर फेकल्या गेल्या, वारा खालून वर धावत सुटला आणि गोळ्याला घेऊन गेला. मथूने करंगळी गच्च वळवून धरली. राज्याच्या पलीकडून, सगळ्या भिंतींच्या पलीकडून, मोठ्या तळहाताचे ठोके येऊ लागले. धप्. धप्. धप्. आणि तिला न कळणाऱ्या भाषेत कुणीतरी बोलत होतं.

"आलं बघ, आलं! थुंक, सोन्या. या भांड्यात थुंक."

मग बारीक, खोकून खोकून धाप लागलेला आवाज. "आई, एवढुसंच आलं गं."

"येईल. अजून येईल. वाक जरा पुढे."

आणि तळहात पुन्हा पाठीवर पडू लागला.