पेट्या, पिशव्या आणि मागची सीट

एका नगरात एक वयोवृद्ध गृहस्थ राहत असत. तरुणपणापासून मोटारसायकलवरून त्यांनी देश पालथा घातला होता. केस पिकले तरी हात स्थिर होते, आणि रविवारी सकाळी अंगणात खुर्ची टाकून ते येईल त्याला प्रवासाची विद्या सांगत. घाटात ब्रेकवर किती विसंबावे, ओल्या पुलावर काय करू नये, अनोळखी गावात वाट कोणाला विचारावी. कॉलेजात त्यांनी आयुष्यभर गणित शिकवले होते, म्हणून सारे त्यांना मगदूम सर म्हणत.

त्यांच्या शिष्यांत अभिनंदन नावाचा एक जण होता. वय पन्नाशीकडे झुकलेले, धंदा घरांचे नकाशे काढण्याचा. त्याची आई बरीच वर्षे अंथरुणाला खिळून होती आणि त्याची पत्नी पद्मजा हिने सासूची सेवा केली होती. आई गेली त्या वर्षी त्याने मनाशी ठरवले, की आता पद्मजेला दक्षिण दाखवायची. हंपी, म्हैसूर, वायनाडचे जंगल आणि शेवटी रामेश्वर. हा प्रवास तिच्यासाठी होता, आणि म्हणूनच त्यात तसूभरही उणे राहू नये असे त्याला वाटे. नवी गाडी आली, वाट आखून झाली, मुक्काम ठरले. राहिले ते एवढेच, की सामान कशात न्यायचे. पत्र्याच्या कुलूपबंद पेट्यांत, की कापडी पिशव्यांत?

दुकानदार चतुर होता. तो म्हणाला, पेटी म्हणजे तिजोरी आणि पिशवी म्हणजे झोळी. साहेबांना काय शोभते ते साहेबांनीच पाहावे. वर त्याने पेट्यांची जोडी गाडीला लावून दिली, वापरून पाहा म्हणून. तरीही अभिनंदनचा निश्चय होईना. रविवारी तो सरांकडे गेला आणि त्याने दोन्ही बाजू सविस्तर मांडल्या. पेटीत पाणी शिरत नाही, चोराचा हात पोचत नाही; पण ती जड, रुंद, आणि गाडी आडवी झाली तर पाय तिच्याखाली सापडायचा. पिशवी हलकी, पडताना दबून घेणारी. पण ती फाटते, भिजते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताला लागते. सर शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला.

“किल्ली दे,” ते म्हणाले. “आणि मागे बस.”

अभिनंदन गोंधळला, पण बसला. कित्येक वर्षांत तो कोणाच्या मागे बसला नव्हता. सरांनी गाडी गावाबाहेर काढली आणि धरणाच्या खडबडीत रस्त्याला घातली. पोटऱ्या पेट्यांच्या कोपऱ्यांवर घासू लागल्या. पाय कुठे ठेवावेत ते कळेना. समोर सरांच्या हेल्मेटखेरीज काही दिसत नव्हते, त्यामुळे प्रत्येक खड्डा न सांगता येई. उसाच्या रसाचे गुऱ्हाळ दिसले. त्याला थांबावेसे वाटले, पण गाडी पुढे निघून गेली. मग एका उजाड माळाशी ती थांबली, जिथे थांबण्यासारखे काहीच नव्हते. दोनदा त्याने काही सांगण्यासाठी तोंड उघडले आणि वाऱ्यात शब्द पोचायचा नाही म्हणून मिटले. उन्हे चढल्यावर दोघे परतले, तेव्हा तो मनातून चांगलाच धुमसत होता. पेट्यांविषयी आपण काय विचारले ते सर विसरलेले दिसतात, असे त्याने जरा तुटकपणेच सुचवले.

“विसरलो नाही,” सर म्हणाले. “तू मला पावसाचं विचारलंस, चोराचं विचारलंस, पडण्याचं विचारलंस. सगळे प्रश्न पुढे बसणाऱ्याचे होते. पुढे बसणाऱ्याला वाटत असतं, की मागचं माणूस आपल्याबरोबर प्रवास करतंय. पुष्कळदा ते नुसतं आपल्यामागे येत असतं. जी मागे बसणार आहे, तिला विचारलंस का?”

“नाही,” अभिनंदन म्हणाला आणि त्याने किल्लीसाठी हात पुढे केला.

घरी जाताना त्याने ठरवून टाकले. पोटऱ्या घासतात, तेव्हा पद्मजेसाठी पिशव्याच बऱ्या. दारात चप्पल काढता काढता त्याच्या ध्यानात आले, की आपण पुन्हा न विचारताच ठरवून मोकळे झालो. तो आत गेला. पद्मजा वाल सोलत बसली होती. तो तिच्यासमोर बसला आणि त्याने विचारले.

“मला विचारताय?” ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते त्याला लागले.

त्याने पोटऱ्यांचे सांगितले. ती हसली आणि त्याचे काही नाही म्हणाली. तिने पुढची शेंग फोडली.

“जुन्या गाडीवरून गणपतीपुळ्याला गेलो होतो तेव्हा पेटीची किल्ली तुमच्याजवळ होती,” मग ती म्हणाली. “मुक्कामाला पोचल्यावर तुम्ही खोलीचं बोललात, गाडी लावलीत, शेजारच्या माणसाशी गप्पा मारल्यात. तोवर मी धुळीच्या अंगानं पायरीवर उभी. आईंच्या आजारातही तसंच होतं. तुम्ही येईपर्यंत मी थांबायचं. मला माझी पिशवी द्या. खांद्याला लावली, की मी मोकळी.”

तिने मूठभर दाणे ताटात टाकले.

“आणि रामेश्वरला जायचंय असं मी कधी म्हटलं नव्हतं.”

“मग कुठे जायचंय?”

“हंपीतच राहू की. मला ते दगड नीट बघायचेत. घाई न करता.”

पुढच्या रविवारी अभिनंदनने सरांना सगळे सांगितले. पिशव्या घ्यायच्या, आणि हंपीच्या पुढे जायचे नाही. सर समाधानाने हसले.

“मी असतो तर पेट्याच घेतल्या असत्या,” ते म्हणाले. “गाडी माळावर सोडून दिवसभर दगडांत हिंडायचं, तर कुलूप हवं.”

अभिनंदन चकित झाला. “मग त्या दिवशी तसं सांगितलं का नाहीत?”

“तू ऐकलं असतंस म्हणून.”

अभिनंदनने सरांकडून पाना मागून घेतला आणि गाडीशेजारी बसून पेट्यांचे बोल्ट एकेक करून सोडवू लागला.