अक्काचा रांजण

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव मुलांनी विचारलं काय किंवा मोठ्यांनी विचारलं काय, मला सांगता येणार नाही.

तिथला राजा मनाने चांगला होता, पण घाईचा होता. एकदा कुठल्याशा गावात एक म्हातारा आपल्या घरात पडला आणि दोन दिवस कुणाला कळलंच नाही. हे ऐकून राजाच्या घशाखाली घास उतरेना. त्याने राजधानीत मोठी विसावाशाळा बांधली. तिथे मऊ अंथरूण होतं, दोन वेळचं जेवण होतं, वैद्य होता. मग हुकूम निघाला की एकट्या राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या आणि अपंग माणसाला तिथे आणून ठेवा.

हुकमात एकच सवलत होती. ज्याला घरीच राहायचं असेल त्याने कारभाऱ्यासमोर स्वतः भाकरी करून वाढायची. सकाळी अंगणात पसरलेली छपराची सावली मागे सरत उंबऱ्याला टेकायच्या आत भाकरी ताटात हवी. दुसऱ्या कोणी घरात पाऊल टाकायचं नाही आणि मदतही करायची नाही. जमलं तर घर तुमचं. नाही तर बैलगाडी दारात उभीच असे.

विसावाशाळेत सगळं होतं हो. फक्त आपली चूल नव्हती आणि आपलं दार नव्हतं.

नदीकाठच्या एका गावात तुळसाक्का राहायची. तिचे डोळे जाऊन वीस वर्षं झाली होती, पण जिभेची धार तशीच होती. घर तिला पाठ होतं. दारापासून चूल सहा पावलं. चुलीच्या डाव्या हाताला चार पावलांवर पाण्याचा रांजण. काठवटीच्या शेजारी पिठाचं मडकं, आणि त्याला लागून तवा. कुठली वस्तू एक वीतभर इकडची तिकडे झाली तर अक्का घर डोक्यावर घ्यायची.

गावानेही तिला कधी एकटं पडू दिलं नव्हतं. कुणी न सांगता लोकांनी कामं वाटून घेतली होती. कुणी लाकडं फोडून द्यायचं, कुणी रांजण भरायचं. तिच्या दारापासून नदीच्या उतारापर्यंत त्यांनी दोर बांधला होता, त्याला धरून ती एकटी अंघोळीला जायची. आणि शेजारची गोदू तेलीण रोज सकाळी कुंपणावरून हाक मारायची, "अक्का, उजाडलं गं!"

"मला सांगतेस होय? कोंबड्याच्या आधी उठलेय मी!" आतून उत्तर यायचं आणि गोदूचा दिवस सुरू व्हायचा.

एके दिवशी दवंडी पिटली गेली. उद्या दुपारच्या आत कारभारी येणार.

अक्का म्हणाली, "येऊ दे की. भाकरी थापायला काय डोळे लागतात?"

पण गोदूला रात्रभर झोप आली नाही. सकाळी अक्का नदीवर गेली आणि गोदू दोन बायांना घेऊन तिच्या घरात शिरली. "कारभाऱ्याने पाहिलं की म्हटलं पाहिजे, काय लख्ख घर ठेवलंय!" तिघींनी झाडलं, सारवलं. मडकी कोपऱ्यात एकावर एक रचली. काठवट आणि तवा घासून फळीवर मांडला. रांजण वाटेत येतो म्हणून तो रिकामा केला, दारामागे सरकवला आणि पुन्हा भरला. जाताना गोदू वळून बघत राहिली. आपल्या माणसाचं घर इतकं सुंदर दिसतंय म्हणून तिचे डोळे भरून आले होते.

तिकडे नदीवर अक्का लुगडं पिळत असताना घोड्याच्या टापा वाजल्या.

"आजीबाई, वाट चुकलो. हे गाव कुठल्या अंगाला?" एका माणसाने विचारलं.

"पाणी उजव्या हाताला ठेवून चाला. चिंचेखालून गेलात की चढणीची पायवाट लागेल. रस्त्यापेक्षा ती जवळची."

घोडा गेला. विसावाशाळेची बैलगाडी मागून रस्त्याने खडखडत आली. अक्का दोर धरून सावकाश वर पोचली तेव्हा कारभारी तिच्या अंगणात बसला होता. गाडीत गाठोडं मांडीवर घेऊन एक पांगळा सुतार मान खाली घालून बसला होता. वरच्या गावचा होता तो. कालच्या परीक्षेत त्याने शेजाऱ्याला एवढंच म्हटलं होतं, "खुंटीवरचा तवा जरा दे रे," आणि तेवढ्यावरच त्याचं घर गेलं होतं.

गोदू पुढे धावली. "अक्का, ऐक, आम्ही घरात..."

"एक शब्द नाही!" कारभारी कडाडला. "कुणी तोंड उघडलं तर परीक्षा तिथेच संपली. आजीबाई, आत जा."

अक्का आत गेली. सहा पावलं चालून चुलीशी बसली, राखेतला निखारा फुंकला आणि जाळ केला. दारात उभ्या असलेल्या लोकांनी सुस्कारा सोडला. मग ती काठवटीकडे वळली. हात रिकाम्या जमिनीवरून फिरला. ती थबकली. पुन्हा चाचपलं. पुढे सरकली तसा तिचा खांदा मडक्यांच्या उतरंडीला लागला आणि वरची दोन मडकी खाली येऊन फुटली.

गोदूने पदर तोंडात कोंबला. आपण काय करून बसलो ते तिला त्या आवाजात कळलं.

"माझं घर कुणी नेलं?" अक्का अंधारात बोलावं तशी बोलली.

बाहेर सावली निम्म्या अंगणापर्यंत मागे आली होती.

अक्का रडली नाही. भिंतीला हात लावून तिने घर नव्याने शोधायला घेतलं. एका खापरीने तिचं बोट कापलं. पीठ सापडलं. खूप वेळाने फळी सापडली, तवा आणि काठवटही. आता फक्त पाणी हवं होतं. चुलीच्या डावीकडे चार पावलं जाऊन तिने हात पुढे केला, तो हवेतच राहिला. रांजण नव्हता. ती परत दाराशी आली तेव्हा रांजण तिच्यापासून हातभर अंतरावर होता, आणि सावली उंबऱ्यापासून दोन हातांवर.

"गोदू, रांजण कुठं ठेवलास?"

गोदूच्या ओठांवर शब्द आला. ती बोलली असती तर परीक्षा संपली असती, आणि गप्प राहिली असती तरी संपलीच असती. तिने कारभाऱ्यापुढे हात जोडले.

"विचारणं म्हणजे मदत घेणं," कारभारी म्हणाला. "आजीबाई, तुम्हाला एकटीला जमत नाही. गाडीत बसा."

अक्काने मान वळवली. "हा आवाज ओळखला मी. सकाळी नदीवर वाट विचारणारे तुम्हीच ना?"

कारभारी चपापला. "हो."

"मग इथवर तुमचे तुम्ही आलात, की मी आणलं तुम्हाला?"

"मी... माझा मीच आलो. वाट तेवढी विचारली."

"मीपण तेवढीच विचारतेय. घोडा तुम्ही हाकलात, भाकरी मी थापीन. रोज थापते. माझी वाट आज माझ्याच माणसांनी मोडलीय, तेवढी त्यांना सांगू द्या."

कारभाऱ्याने सावलीकडे पाहिलं. मग गाडीतल्या सुताराकडे पाहिलं. सुताराने पहिल्यांदाच मान वर केली होती. कारभाऱ्याला कालची ती खुंटी आठवली आणि त्याची नजर खाली गेली.

"सांगा," तो गोदूला म्हणाला. "पण घरात जायचं नाही."

"दारामागे, अक्का! तुझ्या उजव्या हाताला!" गोदू ओरडली आणि तिथेच मटकन बसून रडू लागली.

अक्काने तांब्या बुडवला. पीठ मळलं गेलं, भाकरी थापली गेली, तव्यावर पडली. सावली उंबऱ्याला टेकायला चार बोटं उरली असताना भाकरी कारभाऱ्याच्या पुढ्यात आली. एका कडेला करपली होती. कारभाऱ्याने अर्धी खाल्ली आणि उरलेली सुताराच्या हातात दिली. मग गाडीवानाला म्हणाला, "वरच्या गावी चल. ह्यांना घरी सोडायचंय."

राजाने सगळं ऐकलं आणि हुकूम बदलला. ज्यांना कोणीच नव्हतं किंवा ज्यांना स्वतःला तिथे राहायचं होतं, त्यांच्यासाठी विसावाशाळा राहिली. बाकीच्यांना कारभारी आता दोनच प्रश्न विचारायचा: कुठं राहायचंय, आणि हाक मारलीत तर ओ द्यायला कोण आहे?

गोदूने त्याच दुपारी रांजण पुन्हा सरकवला. या वेळी अक्का चुलीशी बसून सांगत होती, "अजून एक वीत. अजून. आता राहू दे." तेव्हापासून त्या गावात कुणाच्याही घरी मदतीला जाणारा माणूस उंबऱ्याबाहेर थांबून आधी विचारतो, "काय करू?" आणि उत्तर आल्याशिवाय एक वाटीसुद्धा हलवत नाही.

बोध: ज्याला मदत करायची त्याला आधी विचारावं, कारण न विचारता केलेली मदत त्याचं घर त्याच्यापासून हिरावून घेते.