व्याह्यांचा हत्ती आणि सारजाची भेंडी

राजे गंभीररावांच्या मिशा पणाला लागल्या, आणि त्याही भेंडीपायी!

झालं असं, की लेकीच्या लग्नाच्या पंगतीत व्याही, म्हणजे कुंभेरीचे राजे मकरंदराव, आपल्या हत्तीचं कौतुक सांगत सुटले. हत्ती असा, हत्ती तसा, वर बसलं की झाडांचे शेंडे पायाखाली. गंभीररावांना ते सोसेना. पानात भेंडीची भाजी होती. ते बोलून गेले, "आमच्याकडे ही भेंडी हत्तीवर बसून, हात वर करून तोडतात."

मकरंदरावांनी हातातला घास खाली ठेवला.

"असं? मग पौर्णिमेला येतो. रोप जमिनीत हवं, खाली ओटा नको, माच नको. मी माझ्या हत्तीवर बसलेला असेन. हात वर करून भेंडी तोडावी लागली, तर हत्ती तुमचा. हात खाली न्यावा लागला, तर तुमच्या मिशा उतरवायच्या. न्हावी मी आणतो."

आता ही भेंडी काही राजांची नव्हे. ती होती सारजा माळणीच्या परसातली. सारजा राजवाड्याला भाजी पुरवायची. तिची भेंडी घराच्या वळचणीच्याही वर गेलेली, शेंगा आकडीने ओढून काढाव्या लागत. पण हत्ती तो हत्ती.

दुसऱ्या दिवशी राजे स्वतः परसात हजर. "सारजे, पौर्णिमेपर्यंत भेंडी हत्तीच्या वर गेली पाहिजे."

"महाराज, भेंडी आहे ती, अफवा नव्हे रात्रीतून वाढायला."

"ते मला सांगू नकोस. माझ्या मिशा गेल्या, तर या परसात गाढवाचा नांगर फिरवीन आणि तुम्हा दोघांना वेशीबाहेर काढीन."

सारजाचा नवरा भिवाजी घरात जाऊन बोचक्यासाठी फडकं शोधू लागला. लग्न होऊन आली तेव्हा इथे नुसता दगडगोट्यांचा माळ होता. पाटी पाटी माती डोक्यावरून आणून तिने तो परस केला होता. तिथे गाढवं फिरणार, या विचाराने तिला घास जाईना.

मग एकेक तऱ्हा सुरू झाल्या. राजवैद्य आले आणि उंची वाढायचं चूर्ण मुळाशी टाकून गेले. रोपांना हुरूप यावा म्हणून सनई-चौघडा बसला. राजे तर रोज सकाळी रोपांशेजारी टाचा उंचावून उभे राहत, म्हणजे वाढायचं कसं ते रोपांना कळेल! भेंडी होती तेवढीच राहिली. भिवाजीने बोचकं बांधायला घेतलं.

सारजा मात्र राजांकडे बघत विचारती झाली, "महाराज, व्याही स्वभावाने कसे हो?"

"अगं, मानपानाचे भारी! लग्नात हात धुवायला कोमट पाणी मिळालं नाही, तर मांडवाबाहेर जाऊन बसले. ओवाळून टिळा लावल्याशिवाय कुणाच्या अंगणात शिरत नाहीत."

सारजा पहिल्यांदाच हसली. "मग एवढं करा. त्या दिवशी त्यांना तुमच्यापैकी कुणीही ओवाळू नका. वेशीवर नाही, वाड्यावर नाही."

"रुसतील ना ते!"

"रुसू द्या. रुसूनच माझ्याकडे येऊ द्या."

पौर्णिमा उजाडली. मकरंदराव हत्तीवरून आले, मागे न्हावी वस्तरा परजत. वेशीवर ओवाळणं नाही, वाड्यावर नाही. परसाच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्यांचा चेहरा चांगलाच फुगला होता. हत्तीवरून त्यांनी खाली पाहिलं. तोंडाशीच उभ्या भेंडीचे शेंडे त्यांच्या पायाशी डुलत होते. गंभीररावांनी दोन्ही हातांनी मिशा झाकल्या.

भेंडीच्या ओळीला लागूनच सारजा धुण्याच्या दगडावर उभी होती. हातात तबक, तबकात निरांजन, कुंकू, अक्षता. ती नुसती वर त्यांच्याकडे बघत होती.

"काय गं," मकरंदराव गुरकावले, "ओवाळायला आलीस की नुसती बघायला?"

"ओवाळायलाच की. पण माझा हात पोचत नाही. आपण उतरावं म्हणावं, तर पैज मोडेल. राहू द्या मग टिळा."

"राहू द्या? व्याही आहे मी!" मकरंदराव कडाडले. "माहुता, बसव हत्ती!"

माहुताने टाच दिली. हत्ती आधी पुढून, मग मागून असा सावकाश खाली बसला. सारजाने शांतपणे ओवाळलं, त्यांना जरा वाकायला लावून टिळा लावला, अक्षता टाकल्या. मग तबक खाली ठेवून ती म्हणाली, "आता भेंडी तोडा, महाराज."

मकरंदरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग वर पाहिलं. भेंड्या त्यांच्या पागोट्याच्या वर वीतभर डुलत होत्या.

"हे चालायचं नाही! हत्ती बसलाय!"

"बसलाय खरा. पण रोप जमिनीत आहे, ओटा नाही, माच नाही, आणि आपण हत्तीवरच आहात. हत्ती उभा पाहिजे असं कुणी म्हणालं नव्हतं. आणि त्याला बसवलं कुणी? मी तर टिळा राहू द्या म्हणत होते."

शेवटी मकरंदरावांनी हात वर केला आणि एक भेंडी तोडली. आपल्याच हत्तीवर बसून, हात वर करून!

गंभीररावांनी मिशांवरचे हात काढले आणि पोट धरून हसायला लागले. हसता हसता मिशा डोळ्यांतल्या पाण्याने भिजल्या. त्यांचं बघून मकरंदरावांनाही हसू फुटलं. वस्तरा पेटीत गेला.

"सारजे, हा परस आजपासून पिढ्यान्‌पिढ्या तुझा," गंभीरराव म्हणाले. "आणखी काय देऊ? हा हत्ती देऊ?"

"नको हो, दोन घासांत माझा परस खाईल तो. त्याची लीद तेवढी रोज खताला माझ्याकडे पाठवा." सारजाने भेंडीच्या शेंड्याकडे नजर टाकली. "आणि व्याह्यांना सांगा, पुढच्या वर्षी दुसरा हत्ती आणा, आणि तो उभाच ठेवा."