चिचुंद्रीच्या दारात टेबलाचा पाय

एक होती चिचुंद्री. भिंतीच्या बिळात तिचं घर. घरात तिचं पिल्लू.

चिचुंद्री खाऊ आणायला गेली. चुचू चुचू.

इकडे शेवंताकाकूंनी टेबल आणलं. खोली एवढीश्शी. टेबल एवढं मोठ्ठं! चार कोपरे, चार पाय. एक पाय बसला बिळाच्या दारात. धप्प!

चिचुंद्री परत आली. दार बंद! आतून पिल्लू रडलं, "आई, भूक!"

"टेबला टेबला, सरक ना!"

"कुठे सरकू? इकडे भिंत, तिकडे भिंत! सुतार मला छोटं गोल करेल, तर सरकेन."

चिचुंद्री निघाली. चुचू चुचू. दौलू सुताराकडे आली.

"सुतारदादा, टेबल गोल करा ना! टेबल सरकेना, दार उघडेना, पिल्लू जेवेना!"

"खरंय गं. छोट्या खोलीत गोल टेबलच बरं. पण करवत कापेल, तर गोल करीन."

चुचू चुचू.

"करवती करवती, काप ना! सुतार गोल करेना, टेबल सरकेना, दार उघडेना, पिल्लू जेवेना!"

"माझे दात बोथट. कानस घासून धार लावेल, तर कापेन."

चुचू चुचू.

"कानशी कानशी, घास ना! करवत कापेना, सुतार गोल करेना, टेबल सरकेना, दार उघडेना, पिल्लू जेवेना!"

"माझ्यावर मांजर झोपलंय. मांजर उठेल, तर घासेन."

चुचू... चुचू... हळूच.

"मांजरा मांजरा, ऊठ ना! कानस घासेना, करवत कापेना, सुतार गोल करेना, टेबल सरकेना, दार उघडेना, पिल्लू जेवेना!"

"म्याँव! काकू दूध देतील, तर उठेन."

चुचू चुचू.

"काकू काकू, दूध द्या ना! मांजर उठेना, कानस घासेना, करवत कापेना, सुतार गोल करेना, टेबल सरकेना, दार उघडेना, पिल्लू जेवेना!"

"अगं, दूध पलीकडे, मी अलीकडे! कोपरा लागला कमरेला, आई गं! टेबल सरकेल, तर दूध देईन."

आता काय? पुन्हा टेबलच?

चिचुंद्री मटकन बसली. मग खुदकन हसली.

ती गेली मांजराच्या नाकापाशी. पाठ फिरवली. शेपटी वर केली. आणि...

फुस्स्स्!

"शी शी शी! वास! वास!"

मांजर उठलं. धूम पळालं!

कानशीने करवतीचे दात घासले. खर्र खर्र. सुतार काकूंकडे आला. करवत कापू लागली. करकर करकर. सुताराने कोपरे उडवले. चार पाय काढले, मधोमध एकच पाय लावला. टेबल झालं छोटं, गोल गोल. टेबल सरकलं. दार उघडलं. पिल्लू जेवलं. मटमट मटमट!

काकू टेबलाला वळसा घालून गेल्या. दूध घेऊन आल्या.

"मांजरा, ये रे! दूध घे!"

मांजर कुठलं येतंय? ते कौलावर बसून नाक घासत होतं.

"आणि हा कसला गं बाई वास?" काकूंनी नाक धरलं.

बिळात आवाज आला. खुदुखुदु. खुदुखुदु.

पिल्लाचं पोट भरलं,
गोष्टीचं शेपूट सरलं!