ओढ्यात राहणारी सांबरं

आता सांगतो त्यावर तुमच्यातला एकही विश्वास ठेवणार नाही. माझ्या थापांवर चटकन विश्वास बसतो, पण ही गोष्ट खरी आहे, तिथेच घोटाळा आहे.

तर एक होतं जंगल. त्याचे दोन सुभे होते, पूर्व आणि पश्चिम. मध्ये सव्वा हात रुंदीचा ओढा. ओढा नावालाच, आत पाणी नाही, नुसते गोटे. हीच सुभ्यांची हद्द. ती कोणी आखली, कशासाठी आखली, कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ती फार पवित्र मानली जायची.

पूर्वेच्या माळावर चारशे बारा सांबरं राहत. ती पाणी प्यायची पश्चिमेच्या कोळकुंडावर. ओढ्यापासून पन्नास पावलं. पण पश्चिमेचा हवालदार लांडगा दात दाखवायचा. "तुमच्या सुभ्यात तळं आहे की! तिकडे जा." ते तळं होतं दोन डोंगरांपलीकडे. मग सांबरं चोरून येत, दोन घोट घेत, पळत. त्यांच्यात चांदवी नावाची सांबरीण होती. तिचं पाडस नुकतं जन्मलेलं. पाडस जगायचं दुधावर, आणि चांदवीला पाणी मिळालं तरच दूध.

निवडणूक आली तसे राजे झिपरोजी अस्वल माळावर आले. छातीवर पंजा ठेवून म्हणाले, "माझ्या कष्टाळू खुरांनो! जुन्या हद्दी आम्ही मानत नाही. कोण रोज कुठे जातं, ते मोजू. जो जिथे पाणी पितो, तो तिथला! ज्याचं पाऊल, त्याचा सुभा!"

चांदवीचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांना बजावत होती, "खूर जरा दाबून टाका गं! ठसा पुसट नको. एकदाच मोजणार आहेत."

आयोग बसला. अध्यक्ष तरस. हाताखाली दोन कारकून, पूर्वेला मुंगूस, पश्चिमेला उदमांजर. दोघे भलते प्रामाणिक. आपल्या हद्दीबाहेरचं पाऊल मोजणं मुंगसाला पाप वाटायचं. तो माग काढत ओढ्याच्या काठापर्यंत जाई आणि लिही, 'चारशे बारा सांबरे सकाळी ओढ्यात गेली. सायंकाळी ओढ्यातून आली.' पलीकडे उदमांजर लिही, 'चारशे बारा सांबरे ओढ्यातून निघाली, पाणी प्याली, ओढ्यात परत गेली.'

हत्ती पूर्वेतल्या पूर्वेत रोज बारा कोस चालायचा. त्याच्या नावापुढे शेरा पडला, 'सुभा सोडत नाही. सबब हा हलत नाही.'

तरसाने दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, बराच वेळ हुंगल्या आणि निष्कर्ष काढला. सांबरांचा दोन्ही सुभ्यांशी येण्याजाण्यापुरता संबंध. वस्ती ओढ्यात.

इथवर आलो तेव्हा नारबा मोजणीदार माझ्या सलूनच्या खुर्चीतून म्हणाले, "यात नवल ते काय?" जन्मभर जमिनी मोजून निवृत्त झालेला माणूस, दाढी करायला आला होता. "वही संपली की पाय थांबतो, आबा. नियमच आहे."

मीही म्हटलं, बरोबर आहे, आणि पुढे सरकलो.

मग तिसरा सुभा जाहीर झाला, ओढा सुभा. लांबी अठरा कोस, रुंदी सव्वा हात. सुभेदार म्हणून खेकडा बिनविरोध आला, कारण खरोखर ओढ्यात राहणारा तेवढाच होता. गोट्यावर चढून त्याने भाषण केलं, "बंधूंनो, कुणी तुम्हाला पुढे नेतो म्हणाला, कुणी मागे. मी तुम्हाला आडवं नेईन!" टाळ्या पडल्या. स्वतःच वाजवल्या, त्याच्या नांग्या मोठ्या होत्या.

हुकूम निघाला तेव्हा सांबरं पाणी पिऊन परतताना नेमकी ओढ्यात होती. पूर्वेच्या काठावर नवा लांडगा उभा. "ओढेकर ना तुम्ही? मग माळावर कशाला?"

"अहो दादा, माझं पाडस आहे तिथे!" चांदवी म्हणाली.

"पाडस पूर्वेचं. तुम्ही ओढ्याच्या. नातं असेल तर दाखला आणा."

मागे वळली तर दुसरा लांडगा. एका काठापलीकडे पाणी, दुसऱ्या काठापलीकडे पाडस. चांदवी मध्ये, आपल्या सुभ्यात, सन्मानाने उभी. माळावरून पाडसाचा आवाज येत होता, आणि दर हाकेला तो बारीक होत होता.

पण आई ती आईच. तिने हुकूम पुन्हा वाचला. आडवं जायला बंदी होती. उभं जायला नव्हती. ओढा अठरा कोस तिचाच, आणि तो थेट राजाच्या बागेतून जात होता! ती धावत सुटली. मागून सगळी सांबरं. एकही हद्द न ओलांडता चारशे बारा सांबरं शिंगाखुरांसकट राजाच्या न्याहारीत घुसली.

"महाराज," चांदवी धापा टाकत म्हणाली, "आम्ही कुठे पाणी पितो ते मोजलंत. कुठे राहतो, ते एकदा आम्हाला विचारलं असतंत तर?"

राजांनी मधाचा पंजा खाली ठेवला. दोन्ही वह्या मागवल्या, स्वतः वाचल्या. मग सगळ्या दरबारादेखत उठून हात जोडले. "आमचं चुकलं. हद्द पुसा, कुंड मोकळं करा. बाईला आधी पाडसाकडे पोचवा."

"ओ आबा, थांबा!" नारबा अर्ध्या गालावरच्या फेसासकट उभे राहिले. "तरस अध्यक्ष, ऐकलं. ओढ्यात चारशे बारा सांबरं राहतात, तेही ऐकलं. नकाशावर याहून दाट वस्ती पाहिलीय मी. पण राजा म्हणाला, आमचं चुकलं? थाप मारायची तर जरा पटेल अशी मारा की!"